वाटेवर ओतलेलं पाणी

पीरोज आजीने तांब्याचा वाडगा कठड्यावर पालथा घातला आणि ओला हात झग्याला पुसला.

"झालं माझं," ती म्हणाली. "एकदा ओतलं ना? मग झालं."

शिलानने हातातली वही मिटली. सकाळपासून तिला हेच भय वाटत होतं. नटनट्या रुसतात, पाय आपटतात, तेव्हा त्यांना कसं घोळात घ्यायचं हे तिला चौदा वर्षांच्या सहदिग्दर्शनाने शिकवलं होतं. पण पीरोज आजी नटी नव्हती. ती या सरकानी गावातली, अक्रोडाची नऊ झाडं आणि दोन शेळ्या असलेली सत्तरीची बाई होती. तिला घोळात घेऊ पाहणारे आजवर स्वतःच घोळात सापडले होते.

मोठ्या दगडाआड मॉनिटरशी मामोस्ता उभे होते. चित्रीकरण चालू असताना ते कधीच बसत नसत. शाळेत एक दिवसही न शिकवलेल्या या माणसाला सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे कुर्द मामोस्ता, म्हणजे मास्तर, म्हणत. इतकी वर्षं म्हणत होते की त्यांचं नजमद्दीन हे नाव आता फक्त पडद्यावरच्या पाटीत आणि जर्मन पासपोर्टात उरलं होतं.

घोटाळा झाला तो असा. प्रसंग साधा होता. पोरगा घर सोडून डोंगरापलीकडे निघतो. आई उंबऱ्यात येते, जाणारा सुखरूप परतावा म्हणून त्याच्या पाठीमागे वाटेवर पाणी ओततात तसं ओतते, आणि तो मागे न बघता वळणाआड जातो. तालमी रिकाम्या वाडग्याने झाल्या, चांगल्या अकरा. सरकानीत खालच्या घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण. त्या छपरांवर अक्रोड वाळत घालणाऱ्या बायकांना सकाळपासून हातापाया पडून गप्प बसवलं होतं आणि त्या अकराही वेळा चिडीचूप बसल्या. बाराव्या वेळी वाडग्यात खरं पाणी होतं. ते वाटेवर पडलं मात्र, आणि चाळीस बायका एका दमात ओरडल्या, "सुखरूप जा, सुखरूप ये!" एकीने तर डोळ्याला ओढणी लावली. ध्वनी सांभाळणाऱ्या दिलशादने कानावरचे हेडफोन असे ओढून काढले की जणू त्याला कोणी थोबाडीत मारली.

मामोस्तांनी हसत "बस" म्हटलं. चित्रीकरण थांबवणारं त्यांचं 'बस' नेहमी हळूच असे, अगदी ओठातल्या ओठात. साठ माणसांचा ताफा श्वास रोखून त्या एका शब्दाकडे कान लावून असे, आणि तो शब्द त्यांच्याशिवाय कोणी उच्चारायचा नाही हा त्यांच्या हाताखालचा पहिला धडा होता.

"पुन्हा घेऊ या," ते म्हणाले होते. आणि आजीने वाडगा पालथा घातला होता.

"आजी, पाणीच तर आहे," कॅमेऱ्यामागून लुकमान म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात देवाचा होता. "झऱ्याला काय कमी पडलंय का?"

"पाण्याला कमी नाही रे. माणसाला कमी आहे. हा पोरगा एकच आहे ना?" आजीने रावेझकडे बोट केलं. रावेझ म्हणजे पोराचं काम करणारा सुलेमानी शहरातला नट. "मी त्याच्या नावानं ओतलं. संध्याकाळी तो गाडी घेऊन घाट उतरणार, तिथं दरड कोसळते. आता त्याच माणसावर परत ओतलं तर पहिलं गेलं वाया. आणि दुसऱ्या पाण्यावर निघालेला माणूस..."

छपरांवरून बायकांनी च्‌ च्‌ केलं.

"मग अकरा वेळा ओतलंस ते?" लुकमानने विचारलं.

"रिकाम्या भांड्यात काय असतं? हवा."

"आजी, मी नाही घाबरत," रावेझ म्हणाला.

"तू नको घाबरू. तुझ्या आईला फोन लाव, मी विचारते तिला."

रावेझने खिशाकडे गेलेला हात परत घेतला आणि तो हळूच एक पाऊल मागे सरकला. लुकमान खो खो हसला.

शिलानला हसू येईना. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. या दरीत तीनच्या सुमाराला सूर्य कड्याआड जातो आणि मग कितीही दिवे लावा, उजेडात जीव राहत नाही. चित्रीकरणाच्या परवानगीचा आजचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून बर्फ सांगितलं होतं. सगळा चित्रपट या एका शेवटासाठी बांधला होता आणि मामोस्तांनी, कधी नव्हे ते, हा आपला शेवटचा चित्रपट असं म्हणून ठेवलं होतं.

त्यांच्याबरोबर काम करायला ती निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, हा माणूस पोट कशावर भरतो? तिला सांगता आलं नव्हतं. मामोस्तांनी पहिला चित्रपट कोलोनच्या निर्वासितांच्या वसतिगृहात केला. दिवसा एका हॉटेलात बश्या विसळायच्या आणि सुटीच्या दिवशी अंगणभर चादरी पसरून त्याला डोंगरातलं बर्फ म्हणायचं. चादरी जमवायला वसतिगृहातले अफगाण, सोमाली, अल्बेनियन सगळे आले, आणि ज्यांच्या चादरी गेल्या ते त्या रात्री कोट पांघरून झोपले. त्या चित्रपटाला मोठं पारितोषिक मिळालं ते घ्यायला मामोस्ता शेजाऱ्याचे बूट घालून गेले. पुढचे चार चित्रपट त्यांनी चार परक्या देशांतल्या डोंगरांत केले. प्रत्येक ठिकाणी दगड उचलून बघायचे, माती हुंगायचे आणि म्हणायचे, "चालेल. जवळपास आलंय." नटाच्या डोळ्यांत खोटं पाणी त्यांनी कधी घातलं नाही. चहा ओतण्याचा एक प्रसंग एकतीस वेळा घेतला, कारण त्यांना थकलेला हात हवा होता आणि नटाचा हात एकतिसाव्या वेळी खरोखर थकला. ताफ्यातल्या शेवटच्या हमालाचंही नाव त्यांना ठाऊक असे, आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय ते जेवत नसत. असा माणूस शिलानने दुसरा पाहिला नव्हता.

या वेळी मात्र डोंगर खरा होता. समोरच्या कड्यापलीकडे, पायी दीड तासावर, मामोस्तांचं गाव होतं. मधे सरहद्द होती, आणि पलीकडे त्यांच्या नावाचा खटला आणि सुनावून ठेवलेली शिक्षा. वाटेवर दुसऱ्या वळणापाशी चुना फासलेला एक दगड होता. परवानगीच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की त्या दगडापुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. दगडाच्या वर अलीकडची चौकी, आणखी वर पलीकडची. गेल्या हिवाळ्यात मामोस्तांची आई त्या गावात वारली. दफन त्यांनी फोनवर पाहिलं. माती लोटायला सुरुवात झाली आणि भाच्याच्या फोनची बॅटरी संपली. हे त्यांनी शिलानला एकदाच सांगितलं होतं, गाडी चालवता चालवता.

"एक करू या," ती म्हणाली. "ओतणारा हात जवळून वेगळा घेऊ. माझा हात. बांगड्या आजीच्या घालते. कोणाला कळणार नाही."

मामोस्तांनी मान हलवली. "मला कळेल ना."

ते दगडाआडून बाहेर आले आणि आजीसमोर, तिच्याच पायरीवर, खाली बसले. त्यांना चालू कामात बसलेलं बघून ताफ्यातली कुजबुज आपोआप थांबली.

"आजी, तुझं चुकलं नाही," ते म्हणाले. "मीच हे लिहिताना विसरलो. पाणी पडताना गप्प बसेल असं गाव कुठे असतं? परक्या मुलखात राहून डोकं बधिर होतं."

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या आईनं असंच ओतलं होतं का? या पोरावर ओतायला सांगतोस तसं?"

मामोस्ता पायरीवरचं अक्रोडाचं टरफल बोटाने फिरवत राहिले.

"नाही."

"मग कसं?"

"ओतलंच नाही. मी न सांगता निघालो. पहाटे. ती झोपली होती." टरफल त्यांच्या बोटाखाली फुटलं. "झोपली होती की डोळे मिटून पडली होती, ते मला अजून माहीत नाही."

शिलानच्या हातातलं पेन थांबलं. या प्रसंगाचा मसुदा तिने सात वेळा टंकला होता. पाणी, वाडगा, उंबरा, सगळं त्यात इतक्या बारकाईने होतं की ते घडलेलं नसेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला, की चौदा वर्षांत आपण हे एकदाही विचारलं नाही.

"मग सिनेमात कशाला घातलंस?" आजी म्हणाली.

"कुठेतरी ओतलेलं असावं म्हणून."

वरच्या छपरावर कोणीतरी अक्रोड फोडत होतं, ते थांबलं. आजीने कठड्यावरचा वाडगा उचलून सरळ केला.

"तू इथून कधी निघतोस?"

"परवा. विमान आहे."

"परत कधी?"

"ते कागदांवर आहे, आजी."

"म्हणजे जाणारा आहेस. खरा जाणारा."

"हो."

"मग त्या पोराच्या अंगावरचे कपडे काढ आणि तू घाल. मला जाणाऱ्या माणसावर ओतायला सांगा, मी कधी नाही म्हटलंय?"

लुकमानने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "मामोस्ता, कपडे होतील हो. पण पोरगा सव्वीसचा दाखवलाय आपण. तुम्ही..."

"पाठमोराच आहे ना प्रसंग?"

"पाठसुद्धा साठीचीच दिसते."

"दिसू दे," मामोस्ता उठत म्हणाले. "सव्विसाव्या वर्षी निघालो, अजून चालतोच आहे. तेच दिसेल."

चित्रपटाचा शेवट त्यांनी उभ्या उभ्या बदलला होता. तो जास्त खरा झाला होता, आणि हे लुकमानला आणि शिलानला एकाच वेळी कळलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

रावेझने सदरा आणि सैल विजार काढून दिली आणि तो मामोस्तांच्या जर्मन कोटात कुडकुडत उभा राहिला. उरला कमरेचा शेला. सहा हात लांबीचा तो शेला एकट्याने बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने स्वतःभोवती फिरत फिरत त्यात गुंडाळून यायचं. रावेझ पुढे झाला, पण आजीने त्याच्या हातून टोक काढून घेतलं.

"फिर," ती म्हणाली.

मामोस्ता फिरले. एक वेढा, दोन वेढे. प्रत्येक वेढ्याला ते आजीच्या जवळ येत होते.

"पोट आत घे."

"पोट नाही गं, जर्मन पाव आहे तो."

छपरांवर हशा पिकला. शेवटच्या वेढ्याला ते तिच्या अगदी समोर आले. आजीने टोक आत खोचलं, वरून दोन थापट्या मारल्या आणि हात तसाच क्षणभर ठेवला.

"आता ऐक. पाणी पडलं की मागे वळायचं नाही. काही झालं तरी."

"माहीत आहे."

"माहीत असलं तरी ऐक. जाणारा आपण होऊन वळत नाही. ज्या घरानं पाणी ओतलं त्या घरानं हाक मारली, तरच."

दिलशादने त्यांच्या सदऱ्याच्या आत छोटा मायक्रोफोन लावला. "आणि बायकांचं काय करायचं, मामोस्ता? गप्प बसा म्हणू?"

"नको. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे." मग ते शिलानकडे वळले. "सुरू तू म्हण."

उजेड सोन्यासारखा झाला होता आणि जेमतेम दहा मिनिटांचा उरला होता. शिलान मॉनिटरशी त्यांच्या जागी उभी राहिली. खऱ्या पाण्याची ही दुसरी खेप म्हणून तिने वहीत 'दोन' हा आकडा लिहिला.

"सुरू," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

दार उघडलं. मामोस्ता बाहेर आले, खांद्यावर गाठोडं, आणि वाटेला लागले. डावा गुडघा किंचित ओढत होता. रावेझ हीच वाट झपाझप चढला होता. हे चढणं मंद होतं, दगड बघून पाऊल टाकणारं. आजी उंबऱ्यात आली. सकाळपासून अकरा वेळा तिने वाडगा कसा धरायचा ते शिकून घेतलं होतं. ते सगळं ती विसरली आणि तिने दोन्ही हातांनी, नेम धरून, पाणी थेट त्यांच्या टाचांपाशी ओतलं. बोलायची मुभा असूनही छपरांवर कोणी ओरडलं नाही. ते अक्रोडाच्या पहिल्या झाडापाशी पोचले तेव्हा एक म्हातारा आवाज हळूच म्हणाला, "सुखरूप जा." मग दुसरा. मग एकामागून एक, पुटपुटल्यासारखे.

मामोस्ता पहिल्या वळणाशी पोचले. प्रसंग इथे संपत होता. शिलानने सवयीने कान टवकारले, 'बस' ऐकायला.

मग तिच्या लक्षात आलं. 'सुरू' कोणी म्हणायचं ते त्यांनी सांगितलं होतं. 'बस' कोणी म्हणायचं ते सांगायला ते विसरले होते. की विसरले नव्हते?

ते वळण ओलांडून पुढे गेले. लुकमानचा कॅमेरा आपसूक त्यांच्यामागे वर सरकला. आता ते झुडपांमधून दिसत होते, मग नाही, मग पुन्हा. वाट सरळ चुन्याच्या दगडाकडे जात होती. अलीकडच्या चौकीतला शिपाई उठून उभा राहिला. एकाचे दोन झाले.

"शिलान," लुकमान डोळा न हलवता म्हणाला. "म्हण ना."

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण तो म्हटला की एक प्रसंग संपतो, वही मिटते, चहा येतो. त्या कड्यापलीकडे दीड तासावर एक कबर होती, तिच्यावर माती पडताना त्यांनी पुरती पाहिली नव्हती, आणि चौतीस वर्षांनी पहिल्यांदाच कोणी त्यांच्या वाटेवर पाणी ओतलं होतं. हे तिने संपवायचं? तिची ती प्राज्ञा नव्हती.

मामोस्ता चुन्याच्या दगडापाशी पोचले आणि थांबले.

ते बसले नाहीत, वळले नाहीत. कड्याकडे तोंड करून नुसते उभे राहिले. गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. चौकीतून कोणीतरी काहीतरी ओरडलं. रावेझ त्यांच्या कोटात हात कोंबून म्हणाला, "मी जाऊन आणू का?" सावली कड्यावरून खाली सरकत त्यांच्या खांद्यांपर्यंत आली.

शिलानने वही दगडावर ठेवली आणि ती उंबऱ्याकडे धावली.

"आजी, हाक मार त्यांना."

"काय म्हणून मारू? मामोस्ता म्हणून? घर काय मास्तरला हाक मारतं?" आजीने रिकामा वाडगा छातीशी धरला होता. "नाव काय त्याचं?"

"नजमद्दीन."

"ते झालं कागदावरचं. आई काय म्हणायची?"

शिलानला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला मसुदा आठवला, सात वेळा टंकलेला. त्यातल्या पोराचं नाव तिला पहिल्यापासून विचित्र वाटत होतं. हल्ली असं नाव कोण ठेवतं, असं तिने एकदा विचारलंही होतं. राहू दे, म्हणाले होते.

"नजो," ती म्हणाली. "नजो म्हणून बघ."

आजी उंबरा उतरून ओल्या वाटेवर आली. तिने एक हात तोंडाशी धरला. शेळ्या चुकल्या की ती अशीच हाक मारत असावी, कारण आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

"नजो! नजो रे! ये आता घरी!"

छपरं, चौकी, ताफा, सगळं जागच्या जागी राहिलं. मग चुन्याच्या दगडाशी उभी असलेली ती पाठ हलली. मामोस्ता वळले. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त डोळ्यांवर आडवा धरलेला हात दिसत होता.

दिलशादने कानावरचे हेडफोन काढले आणि काही न बोलता शिलानच्या कानांना लावले. आधी तिला नुसती धाप ऐकू आली. मग खडीवर उतरणारी पावलं, घाईची, डाव्या पायाला अडखळणारी. आणि त्या धापेतून एका पोराच्या सुरातला आवाज, तिने चौदा वर्षांत कधी न ऐकलेला.

"आलो गं. आलो, आलो."